लॉलीपॉप मावशी आणि कोमोचा रविवार

लॉलीपॉप मावशींनी हात वर केला की लंडनजवळच्या स्लाऊमधला त्यांच्या शाळेसमोरचा रस्ता थांबायचा. बस, व्हॅन, घाईतले टॅक्सीवाले, सगळे. अंगात पिवळा जाड कोट, हातात गोल पाटीची काठी आणि चेहऱ्यावर हसू औषधालाही नाही. शाळेच्या मुलांना रस्ता ओलांडून देणाऱ्या बाईला इथे लॉलीपॉप लेडी म्हणतात. साताऱ्याहून लग्न होऊन आलेल्या मावशींनी आधी एका गोदामात पॅकिंग केलं आणि मग एकवीस वर्षं हे काम. मी त्यांना ओळखायला लागले तेव्हा काठी शाळेकडे परत गेली होती, पण दरारा तसाच होता. मंडळाच्या गणपतीत भलेभले आयटीवाले त्यांच्यासमोर गुपचूप रांगेत उभे राहत.

निवृत्तीनंतर त्या बायकांच्या सहली काढायला लागल्या. मुलांकडे आलेल्या आया, नवरा गेलेल्या बायका, म्हणजे ज्या एकट्या कुठे जात नाहीत त्या. ठिकाण निवडताना त्या तीनच गोष्टी विचारत: चढ किती आहे, बसायला बाक आहेत का आणि बाथरूम कुठे आहे. "बाकी सुंदर असतंच," म्हणायच्या. "त्यासाठीच तर लोक तिकीट काढतात."

बाबा गेले त्या वर्षी आई नागपूरहून माझ्याकडे क्रॉयडनला आली होती. दिवसभर खिडकीत बसून ट्राम बघायची. मावशींच्या कानावर ते गेलं आणि त्यांचा फोन आला.

"मिलानला नेतेय बायकांना. तू आणि आई धरून दहा जणी. व्हिसाचं तेवढं तू बघ."

"आई कुठे येणार, मावशी? तिला नाही जमत असलं काही."

"हे तू ठरवलंस की तिने?"

मी व्हिसाचे फॉर्म भरले.

मिलानमध्ये रोज सकाळी हॉटेलच्या दारात मावशी आमची उजळणी घेत. "चुकलात तर काय करायचं?" सगळ्यांनी एका सुरात म्हणायचं, "आहोत तिथेच थांबायचं." आईचा आवाज सगळ्यांत बारीक. कॅथेड्रलच्या गच्चीवर गेलो तेव्हा सगळ्यांचे फोन बाहेर आले, तशा मावशी कडाडल्या, "फोटो नंतर. आधी डोळ्यांनी बघा. परत येणार आहात का?" आई दगडी कळसांमधून फिरत राहिली. बाबा गेल्यापासून मी तिला मान वर करून काही बघताना पाहिलं नव्हतं.

रविवारी कोमो सरोवरावर गेलो. आमच्यातल्या शहाणे आजी गुडघा धरून हॉटेलवर राहिल्या, म्हणून नऊ जणी. बोटीने बेलाजिओ, तिथून पलीकडच्या काठावर व्हरेन्ना आणि संध्याकाळच्या गाडीने परत, असा बेत होता. व्हरेन्नाच्या फलाटावर आलो तर अर्धं मिलान पोहून परतायला निघालेलं. ओले केस, टॉवेल, हवा भरलेल्या ट्यूबा. गाडी आली आणि रेटारेटी सुरू झाली. आईच्या खांद्याला त्रास नको म्हणून तिची पर्स मी घेतली होती. गर्दीचा एक लोंढा आला, त्यात आई उचलल्यासारखी आत गेली आणि दार मिटलं.

काचेवर तिचा तळवा दिसला. मावशी धावत फलाटाच्या कडेला गेल्या आणि त्यांनी हात वर केला. गाडी गेली.

तिचा फोन, पासपोर्ट, शुगरच्या गोळ्या, सगळं माझ्या खांद्यावर होतं. पुढची गाडी तासाभराने. तिकिटाच्या मशीनशिवाय स्टेशनात विचारायला कोणी नव्हतं. शेजारच्या कॅफेतल्या बाईने दोन ठिकाणी फोन लावले, कुणी उचलले नाहीत.

"आहोत तिथेच थांबायचं," आमच्यातलं कुणीतरी पुटपुटलं, "पण त्या तर चालत्या गाडीत आहेत."

मावशींचा चेहरा उतरला. "माझं चुकलं. गाडीचं मी सांगितलंच नव्हतं."

मी त्यांच्यावर ओरडले. म्हटलं, तुम्हालाच हौस होती तिला आणायची, घरी खिडकीत बसलेली बरी होती. मावशींनी मला पुरतं बोलू दिलं.

"झालं? आता ऐक. ती मिलानपर्यंत बसून राहणार. बोटीत मला म्हणाली होती, कुणी उतर म्हणेपर्यंत मी गाडीतून उतरत नाही. ती सुखरूप पोचेल. पोचल्यावर कुणीतरी समोर हवं, एवढंच."

त्यांनी शहाणे आजींना स्पीकरवर फोन लावला आणि आई एकटीच गाडीत गेल्याचं सांगितलं.

"अगं, मला ते स्टेशन माहीत नाही. माझा गुडघा..."

"खिडकीतून दिसतं ते मोठ्ठं, तेच स्टेशन. काठी घ्या आणि निघा. फलाट वीस असले तरी मालतीताई एकच आहे."

मग तो तास. सरोवरावर अजून लख्ख ऊन होतं आणि लोक आईस्क्रीम खात होते. मी मनातल्या मनात आईला मिलानच्या स्टेशनात शोधत होते, आणि एकदम लक्षात आलं की एकटी पडल्यावर ती काय करेल, हे मला खरंच माहीत नाही. मावशी एकदाही बाकावर बसल्या नाहीत.

गाडी आली. प्रत्येकीला स्वतः आत ढकलून मावशी शेवटी चढल्या. मधलं मोठं स्टेशन लेक्को. "ती मिलानलाच असेल, पण इथे दारात उभी राहा," म्हणाल्या. लेक्को आलं. दार उघडलं आणि मला बाकावर आईची निळी साडी दिसली. दोन ओल्या केसांच्या मुलींच्या मधे बसून ती पीच खात होती. आम्ही उतरायच्या आत तीच उठली, मुलींच्या गालांवरून हात फिरवला आणि चढली.

मी तिला घट्ट धरून रडायला लागले.

"अगं, रडतेस काय? पहिलं स्टेशन आलं, उतरले. मागची गाडी इथूनच जाणार ना?"

"पण तू तर मावशींना बोटीत म्हणाली होतीस, उतर म्हणेपर्यंत मी उतरत नाही..."

"मी? मला बोट लागत होती. बोटीत मी तोंडच उघडलं नाही."

मी मावशींकडे बघितलं. त्या खिडकीबाहेर बघत होत्या.

"काहीतरी ठाम बोलायला हवं होतं," त्या हळूच म्हणाल्या. "तू घाबरली होतीस. मला तरी कुठे काय माहीत होतं?"

आईने त्यांचा हात आपल्या हातात घेतला आणि मिलान येईपर्यंत सोडला नाही.

शहाणे आजी मात्र भडकल्या होत्या. तासभर फलाट पालथे घालून त्यांना मालतीताई सापडली नव्हती आणि आता सगळ्या हसत येताहेत. "गुडघ्याला घेऊन एवढी आलेच आहे," म्हणाल्या, "तर आईस्क्रीम खाल्ल्याशिवाय हलणार नाही."

त्यानंतर मावशींनी सहल काढली नाही. मी दोनदा गळ घातली. "त्या तासात मी म्हातारी झाले गं," म्हणाल्या. मी ओरडल्याची माफी मागायला गेले तर ऐकूनच घेतलं नाही. "आई कुठे आहे आता?" विचारलं. आई तेव्हा मैत्रिणीकडे इंदूरला गेली होती, एकटी, ट्रेनने. ते ऐकून मावशी हसल्या. मी त्यांना हसताना फारच कमी वेळा पाहिलं.

या मार्चमध्ये त्या गेल्या. शेवटचे दोन महिने हॉस्पिटलमध्ये होत्या आणि नर्सेसना शिस्त लावत होत्या, असं त्यांचा मुलगा म्हणाला. स्लाऊच्या क्रिमेटोरियमबाहेर पावसाने भिजलेल्या छत्र्या मिटून आम्ही सगळ्या जमलो. आत जायची वेळ झाली, दार उघडलं, आणि कुणीच हलेना. आधी कुणी जायचं, कुठे बसायचं, हे आजवर आम्हाला कधी ठरवावंच लागलं नव्हतं.

शहाणे आजींनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

"चल," त्या म्हणाल्या. "तू हो पुढे."