जर्मनवाल्या काकी

जर्मनवाल्या काकींना गिऱ्हाईक दुकानात बसलेलं असताना कसलीच घाई नसायची. ते उठून चालू लागलं की त्यांचा खरा धंदा सुरू व्हायचा. त्याला कोपऱ्यावरच्या पानठेल्यापर्यंत जाऊ द्यायच्या आणि मग अशी हाक मारायच्या, की रस्त्यावरची भलतीच माणसंही मागे वळत. "अवो बाई, या ना वापस! रागावता काऊन?" त्या हाकेसाठी मी मुद्दाम हळू चालायचे.

आमच्याकडे ॲल्युमिनियमला जर्मन म्हणतात. चंद्रपुरात माझी खानावळ त्यांच्या दुकानासमोरच, आणि भाताच्या गंजापासून झाऱ्यापर्यंत सगळं त्यांच्याकडचं. ही खानावळ मी उसन्या पातेल्यांवर उभी केली आहे, त्यामुळे कोणी भाव सांगितला की माझ्या अंगातच येतं. काकींना त्याचं फार कौतुक. "तू भाव नाई करत वो, भांडणच करून राह्यली," म्हणायच्या आणि चहा मागवायच्या. चहा आला की भांडण आणखी रंगायचं.

भांडं विकण्याआधी त्या घरातली माणसं विचारत. सासूसोबत आलेल्या, वेगळं बिऱ्हाड मांडणाऱ्या एका नव्या नवरीनं मोठा गंज मागितला, तर तिच्या हातात लहान ठेवला. "अजून दोघंच आहा ना? हा ने. मोठा न्याले येशीलच." पोरगी लाजली, तिच्या सासूनं मात्र खुशीत एक परातही घेतली.

पुढे दुकानांची ती ओळ पाडून तिथं मॉल झाला. मोहल्ला खूश, आणि खोटं कशाला बोलू, मीही खूश. आमच्या उन्हाळ्यात फुकटची थंड हवा कोणाला नको? पहिल्याच दिवशी मी एका कढईचा अर्धा भाव सांगितला. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "मॅडम, फिक्स आहे." मी ठसक्यात वळले आणि दाराकडे अगदी हळूहळू निघाले. कोणी हाक मारली नाही. उलट गार्डनं दार उघडून सलाम ठोकला!

जुन्या दुकानदारांना मॉलमध्ये तळमजल्यावर ठेल्याएवढी जागा मिळाली होती. काकीही तिथं बसू लागल्या. गिऱ्हाइकाला ओरडून बोलवायचं नाही, अशी मॅनेजरची ताकीद होती. एके दिवशी एक तरुण जोडपं आलं. "काकू, हे कशाचं?" "असली जर्मन हाय," काकी म्हणाल्या. दोघांनी हरखून, भाव न करता गंज उचलला, आणि दोन-चार दिवसांत मॅनेजरला घेऊन परत आले. जर्मनीचा शिक्का कुठे आहे म्हणे!

"जर्मनी कुठून आली बाप्पा?" काकी चक्रावल्या. "जर्मन म्हंजे जर्मन! तुही माय कायच्यात भात शिजवते?"

पोरानं तिथूनच आईला फोन लावला. आई पलीकडून म्हणाली, "जर्मनच्या गंजात. काऊन रे?" आसपासची सगळी माणसं हसली, पोरगाही हसला. मॅनेजर तेवढा हसला नाही. त्यानं काकींना जागा खाली करायला सांगितलं.

माझं डोकं फिरलं. मी तडक वर त्याच्या ऑफिसात गेले. "तुमचे सगळे गार्ड माझ्याकडे जेवतात. उद्यापासून एकालाही पोळी मिळणार नाही," म्हटलं. तो घामाघूम झाला, त्या एसीत. शेवटी ठरलं: काकींनी राहावं, फक्त 'ॲल्युमिनियम' अशी पाटी लावावी आणि जर्मन हा शब्द काढू नये. मी जिंकून खाली आले.

काकींनी सगळं ऐकून घेतलं. "हाक नाई माराची, जर्मन नाई म्हणाचं. मंग मी इथी करू काय? थंडी खाऊ?"

सिंदेवाहीला मुलीकडे जाऊन तिथल्या आठवडी बाजारात बसायचं, असं त्यांनी ठरवूनही टाकलं.

"मी एवढी भांडली, आन् मले विचारलं काऊन नाई?" मी ओरडले.

"भांडाले तुले मी धाडलं होतं का वो?"

मी अबोला धरला. तरी निघायच्या दिवशी भांड्यांचं पोतं उचलून स्टँडवर गेलेच. कंडक्टर म्हणाला, लगेजचं तिकीट लागेल. मी कंबरेवर हात ठेवले. घरची चार भांडी, याला लगेज म्हणतात का? तो नरम पडत होता, मला चेहऱ्यावरून कळतं. तेवढ्यात काकींनी माझा हात बाजूला सारून नोट पुढे केली.

"घे बाप्पा, जेवढे होत असन तेवढे."

त्यांच्या तोंडून असलं वाक्य मी कधी ऐकलं नव्हतं. तिकीट घेऊन, माझ्या गालावरून हात फिरवून त्या बसमध्ये चढल्या. आणखी दोन मिनिटं मिळाली असती तर त्या माणसाला मी नक्की खाली आणलं असतं. एवढी कसली घाई होती बाईला? ते मी अजून माफ केलेलं नाही.