सिस्टर त्या दिवशी हजर होत्या

धाराशिवमध्ये एका पुढाऱ्याचा प्रसिद्धिप्रमुख म्हणून मी सात वर्षं काम केलं. साहेबांची भाषणं, पत्रकं, वाढदिवसाच्या पुरवण्या, सगळं माझ्या हातचं. साहेबांची चूक दुसऱ्या दिवशीच्या पेपरात दुसऱ्याच कुणाची तरी झालेली असायची. त्या कसबाचा मला अभिमान होता.

एका उन्हाळ्यात लोहाऱ्याकडं साहेबांचा मेळावा होता. उन्हानं कुणाला चक्कर आली तर बोभाटा नको, म्हणून मीच जवळच्या आरोग्य केंद्राची रुग्णवाहिका मागवून मंडपामागं उभी केली. दुपारी तिथल्या सिस्टरचा फोन आला.

"सर, साप चावलेली बाई आलीय. इथलं इंजेक्शन संपलंय, तिला धाराशिवला न्यावं लागंल. गाडी पाठवा."

"भाषण संपलं की पाठवतो," मी म्हणालो. मधेच गाडी हलली असती तर लोक उठले असते, कॅमेरे तिकडं वळले असते.

अर्ध्या तासानं पुन्हा फोन. "सांगितलं ना, पाठवतो!" मी खेकसलो.

शेवटी घरच्यांनी तिला टमटममध्ये घातलं. ती वाटेतच गेली. तिशीतली बाई, उन्हाळी भुईमूग काढायला रानात गेलेली.

संध्याकाळी पत्रकारांचे फोन सुरू झाले. "बघा काय ते," साहेब एवढंच म्हणाले. बाकीचं मी बघितलं. पत्रकात मी लिहिलं की केंद्रावरच्या परिचारिका कामावर गैरहजर होत्या. लिहिताना त्यांचे दोन्ही कॉल माझ्या मोबाइलमध्ये दिसत होते. सिस्टर निलंबित झाल्या.

पुढं साहेब निवडणूक हरले आणि मी संवाद सल्लागार झालो. सरकारी लोकांना, संस्थांना, संकटात काय बोलावं ते शिकवू लागलो. गावाचं नाव न घेता याच प्रकरणाचं उदाहरण द्यायचो. पहिल्या दोन तासांत आपली बाजू बाहेर गेली पाहिजे, असं सांगायचो.

गेल्या वर्षी आरोग्य कर्मचाऱ्यांच्या शिबिरात हे उदाहरण दिलं, तेव्हा तिसऱ्या रांगेतल्या एक बाई उठल्या.

"सर, त्या सिस्टर त्या दिवशी हजर होत्या."

बाकी कुणाला काही कळलं नाही. मी आवाज ओळखला. हसलो, "चांगला मुद्दा आहे" म्हणालो आणि पुढची स्लाइड लावली. त्या हसण्याची मला आजही सगळ्यात जास्त लाज वाटते.

जेवणाच्या सुट्टीत त्यांच्याकडं गेलो. "सिस्टर, मला तुमची माफी मागायचीय."

त्यांनी ताट खाली ठेवलं. "माझं राहू द्या. मला नोकरीवर परत घेतलं. पण त्या बाईची सासू अजून म्हणती, सिस्टर घरी झोपली म्हणून माझी सून मेली. तिला सांगा. तुमच्या तोंडानं सांगा."

रविवारी आम्ही दोघं जीपनं त्या गावाला गेलो. म्हातारी ओसरीवर डाळ पाखडत होती. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. गाडी कुणी अडवली, पत्रक कुणी लिहिलं, सगळं. तिनं सूप थांबवलं आणि सिस्टरकडं बघितलं.

"तू फोन केला व्हतास?"

"दोनदा केला, मावशी."

"लई बोलले गं बाई तुला. गावभर बोलले."

मग ती माझ्याकडं वळली. "भाषण कशावर व्हतं?"

मला आठवेना. मीच लिहून दिलेलं भाषण, त्यातली एक ओळ आठवेना.

"आठवत नाही," मी म्हणालो.

तिनं मान हलवली. सिस्टरला जवळ बसवून त्यांचा हात हातात घेतला. मला तिनं बसही म्हटलं नाही, जाही म्हटलं नाही. थोडा वेळ उभा राहिलो आणि एकटाच जीपच्या थांब्याकडं निघालो.

ते उदाहरण आता मी देत नाही. का देत नाही, हे कुठल्याही शिबिरात सांगण्याची हिंमत मात्र अजून झालेली नाही. सल्लागारी चालू आहे.