जनान्याच्या दारातलं स्टूल

भामाबाई गेल्याचा निरोप जालन्याहून येणाऱ्या मोटारीच्या कंडक्टरनं मला भोकरदनला आणून दिला, त्याला आता महिना झाला. दहाव्याला गेले तेव्हा एक प्रतिष्ठित गृहस्थ म्हणाले, "बाई भली होती, पण उभी हयात सिनेमाच्या तंबूत घालवली." मी ऐकून घेतलं, याचा मला अजून राग आहे. म्हणून हे लिहिते आहे.

जालन्याच्या टुरिंग टॉकीजमध्ये ती जनान्याच्या, म्हणजे बायकांच्या भागाच्या, दारावर बसायची. धनगराघरची लेक. संध्याकाळी मेंढरं कोंडायच्या वाडग्याच्या तोंडाशी उभं राहून एकेक मेंढरू निरखून आत घ्यायचं, ही माहेरची सवय तिनं तंबूतही सोडली नाही. नवखी पोर दिसली की तिलाच विचारायची, "कुणाची गं तू? कुणासंगं आलीस?" सोबतच्यानं उत्तर दिलेलं तिला चालत नसे.

निजामाचं राज्य जाऊन चारेक वर्षं झाली होती. मी पंधरा वर्षांची, आई नसलेली. स्वतःला मावशी म्हणवणारी एक बाई वाटूरला आमच्या घरी आली, दूर उत्तरेकडचं स्थळ घेऊन. लग्न तिकडेच लागणार होतं. वडिलांनी विश्वासानं मला तिच्याबरोबर धाडलं. जालन्यात गाडीला अवकाश होता, म्हणून तिनं मला संध्याकाळच्या खेळाला नेलं. दारात गर्दी होती, भामाबाईचा प्रश्न मावशीनं हसून उडवला.

पडद्यावर लग्नाच्या नावाखाली एका मुलीला विकत होते... कोंडत होते, मारत होते. मी मावशीकडे पाहिलं. "सिनेमातलं खरं असतंय व्हय? चिवडा खा," मावशी म्हणाली. तेवढ्यात रीळ बदलायला दिवे लागले. भामाबाई माझ्यापुढे उभी होती.

"नवऱ्याचं नाव काय, पोरी?"

"मी सांगते की," मावशी म्हणाली.

"तुला न्हाई, तिला इचारून राह्यले."

मला नाव माहीत नव्हतं. गावही माहीत नव्हतं.

भामाबाईनं आपलं स्टूल दारात ओढलं आणि त्यावर ठाण मांडलं. "हिच्या बापाला बलवा. तवर ही पोर कुठंबी जायची न्हाई." सगळा जनाना उठून उभा राहिला. मावशी तंबूची कनात वर करून पसार झाली, तेव्हा मला सगळं कळलं. ती पुढे कधी सापडली नाही. तिनं माझ्याआधी किती जणी नेल्या असतील, हा विचार अजून झोपू देत नाही.

दुसऱ्या दिवशी वडील आले ते लग्न मोडलं म्हणून भांडायलाच. "लगीन व्हतं, मंग ती पळाली कशाला?" भामाबाईनं विचारलं. ते खाली बसले आणि रडले. पाठोपाठ गावातली बडी मंडळी आली. असल्या घाणेरड्या सिनेमानं पोरी बिघडतात, खेळ बंद करा म्हणाली.

"खेळ बंद करून काय व्हतंय? धंदा बंद करा. ती बाई आल्ती तवा तुमी कुठं व्हता?"

खेळ तिसऱ्या दिवशी उतरवला गेला. भामाबाई मात्र दारातून हलली नाही. वडिलांना सांगून मला तिनं घरी ठेवून घेतलं, शाळेत घातलं.

आज मी भोकरदनला शिक्षिका आहे. तिचं स्टूल माझ्या वर्गाच्या दाराशी असतं. गेल्या आठवड्यात सातवीतल्या एका मुलीला न्यायला मामा म्हणवणारा एक माणूस आला. मी स्टूल दारात ओढून बसले आणि मुलीला विचारलं, हे कोण? तोच बोलू लागला.

"तुमाला न्हाई," मी म्हणाले, "तिला इचारून राह्यले."