वत्सलाताईंनी मोजलेला रस्ता

वत्सलाताई गेल्याचा फोन आला तेव्हा शाळेत परिपाठ चालू होता. त्याआधी दवाखान्यात भेटलो होतो. बोलताना धाप लागत होती, तरी पहिली चौकशी पोरींचीच... "रांगेनं येऊन राहिल्या ना, सर?"

हिंगोलीच्या आमच्या शाळेत त्या गणित शिकवायच्या, मी मराठी. आठवीतली रेश्मा सायकलवरून शाळेत येताना ट्रकचा धक्का लागून पडली, पाय मोडला. आठवड्याभरात सायकलस्टँड निम्मं रिकामं झालं. बाहेरगावच्या काही मुली तर शाळेतच येईनात. ताई मला घेऊन रेश्माच्या घरी गेल्या. वडील ओट्यावर बसले होते. "पोरगी वाचली, मॅडम. आता सायकल न्हाई आन् शाळा बी न्हाई." ताई म्हणाल्या, "पाय बरा झाला की माझ्यासंगं धाडा. ट्रकच्या अंगाला मी चालवीन."

आणि खरंच चालवली. पन्नाशी उलटलेली बाई, पदर खोचून रोज सायकलवर... आतल्या बाजूला रेश्मा, मागे दोघी-तिघी, पुढे पुढे तर लांब रांगच. मला धास्ती वाटायची. "तुम्हालाच काही झालं म्हणजे?" असं एकदा विचारलंही. "भ्या मलाबी वाटतं हो," त्या म्हणाल्या, "म्हणून तर सायकलींना वेगळा पट्टा पाहिजे."

नगर परिषदेत उत्तर मिळालं, रस्त्याला रुंदी नाही. ताईंनी एका रविवारी मुलींच्या हाती टेप देऊन शाळा ते चौक सगळा रस्ता मोजला. रुंदी होती, पण ती उभ्या गाड्यांनी आणि हातगाड्यांनी अडवली होती. मात्र हातगाड्या हटवा, असं त्यांनी मला अर्जात लिहू दिलं नाही. प्रत्येकाशी स्वतः बोलल्या. केळीवाले चाचा आधी रागावले, मग स्वतःच गाडा गल्लीच्या तोंडाशी ओढत म्हणाले, "मेरी पोती भी सायकल पे आती है, बाई."

वर्षभर खेटे घातल्यावर पट्टा झाला. पांढरी रेघ, कडेला खांब... पहिल्या दिवशी रेश्मा एकटी पुढे गेली. तिचे वडील चौकात उभे होते. त्यांनी ताईंना हात जोडले.

ताई आजारी पडल्या त्या वर्षी रेघ पुसट झाली, दोन खांब टेम्पोनं पाडले. आता हे सगळं ताईंबरोबरच जाणार, असं मी मनाशी धरून चाललो होतो. गेल्या आठवड्यात नववीतल्या चार मुली स्टाफरूममध्ये आल्या. हातात अर्ज. "शुद्धलेखन बघता का, सर?" एकच वेलांटी चुकली होती. पट्टा पुन्हा रंगवावा, खांब बसवावेत, आणि खाली आणखी एक मागणी... पट्टा नरसीच्या फाट्यापर्यंत न्यावा.

"एवढ्या लांब? तिथं जागा आहे का?" मी विचारलं.

"हाय ना, सर. कालच मोजून आलो आमी."