स्वागताध्यक्षांचा उजवा डोळा

आर्णीजवळच्या एका गावात, शाळेच्या आवारात, नेत्रतपासणी शिबिर होतं आणि माझे भाऊजी त्याचे स्वागताध्यक्ष होते. स्वागताध्यक्ष म्हणजे ज्याला उद्घाटक करता येत नाही आणि वगळताही येत नाही असा माणूस. पत्रिकेवर सतरा नावं होती. डोळे प्रत्यक्ष तपासणाऱ्या मॅडम यवतमाळहून येणार होत्या, त्यांचं नाव सोळावं. सतरावा मी, सूत्रसंचालक. मी दिग्रसला कॉलेजात मराठी शिकवतो, आणि मराठी शिकवणाऱ्याच्या हाती कधीही माईक द्यावा, अशी आपल्याकडे समजूत आहे.

वेळ नऊची होती. म्हातारी माणसं साडेआठलाच येऊन सतरंजीवर बसली. मॅडमनी आणि त्यांच्या मदतनीसानं टेबलं मांडली, अक्षरांचा तक्ता भिंतीला लावला. मग मॅडमनी मला तीनदा विचारलं, "सर, सुरू करू का?" मी तीनदा सांगितलं की दीपप्रज्वलनाआधी डोळे तपासता येत नाहीत. हे वाक्य माझ्या तोंडून कसं निघालं, याचं मला अजून आश्चर्य वाटतं.

साडेअकराला अध्यक्षांची गाडी फाटकाशी दिसली. भाऊजींना ताण आला. ताण आला की भाऊजी तंबाखू मळतात. चुन्याच्या प्लास्टिकच्या पुडीचं तोंड वाळून गच्च झालं होतं. कुठे अडलं आहे ते पाहायला त्यांनी पुडी डोळ्यांजवळ नेली आणि दोन्ही अंगठ्यांनी दाबली. ती बाजूनं फुटली. चुना थेट उजव्या डोळ्यात गेला.

भाऊजी खालीच बसले. भोवती माणसं जमली आणि वैद्यकशास्त्र सुरू झालं.

"चोळा जरासक, निघून जाते."

"चोळू नका बापा. तूप सोडा. चुन्यानं तोंड भाजलं तं तूपच लावतो न आपण?"

तिसऱ्यानं बाळंतिणीचं दूध सुचवलं, आणि गावात सध्या कोण बाळंत आहे याचा शोध घ्यायला दोघं निघालेसुद्धा.

"मास्तर," भाऊजी माझा हात धरून हळूच म्हणाले, "मले काहीच दिसून नाही राह्यलं."

त्यांचा आवाज असा कधी ऐकला नव्हता. मी मॅडमना हाक मारली, पण त्या आधीच गर्दीतून वाट काढत आल्या होत्या.

"तूप नाही, दूध नाही, काही नाही. पाणी आणा. भरपूर आणि आत्ता. चुना जितका वेळ आत राहील तितका डोळा जाळेल."

शाळेच्या नळाला पाणी नव्हतं. स्टेजमागे थंड पाण्याचे दोन मोठे जार होते. एक कार्यकर्ता आडवा आला. "मॅडम, ते पाहुण्यांचे हायत."

"आणि हे कोण आहेत?"

"हे स्वागताध्यक्ष."

"मग पाहुण्यांना तहान लागू द्या थोडी."

भाऊजींना बाकावर आडवं केलं, मान उजवीकडे वळवली, म्हणजे चुन्याचं पाणी चांगल्या डोळ्यात जाऊ नये. मॅडमनी वरची पापणी उलटी करून चिकटलेले कण ओल्या कापसानं टिपले. माझी ताई तांब्यानं धार धरत होती. "अर्धा तास तरी धार थांबवायची नाही," मॅडम म्हणाल्या.

तिकडे स्टेजवर दीपप्रज्वलन तसंच राहून अध्यक्षांचं भाषण सुरू झालं होतं. पाच मिनिटं झाली आणि भाऊजी उठू लागले. "अध्यक्षाइचं भाषण झालं की शाल मलेच द्यायची हाय."

"अजी, पडून राहा," ताई म्हणाली. "डोळा गेला तं शाल अध्यक्षाइले घालसान का मंडपाच्या बांबूले?"

"भाषण चालू हाय तोवर पडतो. मंग नाही."

मॅडमनी मला विचारलं, "किती वेळ बोलतात ते?"

"पाऊण तास तरी."

"छान. मग काळजी नाही."

पण त्या दिवशी अर्धे श्रोते स्टेजकडे पाठ करून बाकाकडे पाहत होते. अध्यक्षांना ते लागलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी दहा मिनिटांत आटोपतं घेतलं. भाऊजींनी कोपर टेकलं आणि पाय खाली सोडले. मी पळत जाऊन माईक धरला. म्हणालो, अध्यक्षांनी संकोचानं हात आखडता घेतला आहे. ग्रामीण भागाच्या दृष्टीविषयी त्यांचं जे अनेक वर्षांचं चिंतन आहे, त्याला ही सभा मुकू इच्छित नाही. सभेनं तसं काही म्हटलं नव्हतं. अध्यक्ष परत उठले, आणि भाऊजी परत आडवे झाले.

मी आयुष्यभर लांब भाषणांची टिंगल केली आहे. त्या दिवशी प्रत्येक "आणि म्हणूनच मित्रहो"ला मीच पुढे होऊन टाळी वाजवली. अध्यक्ष आपल्या आजोबांपासून सुरू करून मागच्या निवडणुकीपर्यंत आले. दुसरा जार संपत आला. मधल्या वेळात मॅडमच्या मदतनीसानं, कोणाला न विचारता, सतरंजीवरची माणसं तपासायला घेतली होती. समई तेलवात घालून तशीच उभी होती.

मग ताई आणि मी भाऊजींना जीपनं यवतमाळला नेलं. डोळा लालबुंद होता आणि पापण्या उघडत नव्हत्या. डॉक्टरांनी आत बराच वेळ पाहिलं आणि वरवर भाजलं आहे म्हणाले. "जागेवर धुतला म्हणून वाचला. न धुता इथे आणला असता तर सांगता आलं नसतं." हे ऐकल्यावर भाऊजींनी शालीचं काय झालं ते विचारलं.

आठवड्यानं पुन्हा गेलो. डॉक्टरांनी डावा डोळा झाकून तक्ता वाचायला सांगितला. ताईनं पदराचं टोक मुठीत धरलं होतं. भाऊजींनी उजव्या डोळ्यानं शेवटच्या ओळीपर्यंत सगळं वाचलं, खाली छापखान्याचं नाव होतं तेही वाचलं. मग डॉक्टरांनी उजवा झाकला.

"वाचा."

भाऊजींनी मान पुढे काढली. "तक्ता काढला का जी?"

डॉक्टरांनी टॉर्च मारून पाहिलं. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू होता, चांगला पिकलेला. "हे दोन-तीन वर्षांचं दिसतं. एका डोळ्यावर भागून गेलं म्हणून कळलं नसेल. कधी तपासून नाही घेतलं?"



"कधी घेतीन डॉक्टरसाहेब," ताई म्हणाली. "दरसाल शिबिर राह्यते न यांचं."