जावयाला दाखवलेलं अचलपूर

अचलपूर माझं गाव. तिथेच माझा जन्म झाला, तिथेच शाळा झाली आणि पुढे नोकरीमुळे मी अमरावतीला स्थायिक झालो. गावाला जायचं म्हणजे थोरल्या भावाच्या, दादांच्या घरी जायचं, एवढंच मला माहीत होतं. तिथल्या जुन्या इमारती बघायला म्हणून मी कधी गेलो नव्हतो. आयुष्यात एकदाच गेलो, दोन माणसांना सोबत घेऊन. तो दिवस मनातून जात नाही, म्हणून लिहितो आहे.

ती दोन माणसं म्हणजे माझी मुलगी आणि जावई. मुलीनं त्या दिवसाच्या वर्षभर आधी अकोल्याला नोंदणी पद्धतीनं लग्न केलं. मुलगा पुण्यात तिच्याच कंपनीत, घर अकोल्याचं. वडील टपाल खात्यातून निवृत्त झालेले, आई शिक्षिका. ते बौद्ध, आम्ही कुणबी. मी विरोध केला नाही. लग्नाला गेलो, साक्षीदार म्हणून सही केली, त्यांच्या घरी जेवलो आणि संध्याकाळच्या गाडीनं परत आलो. त्यांच्या घरच्यांनी मला फार मानानं वागवलं. मी मात्र जेवताना सारखा घड्याळाकडे बघत होतो. बायको असती तर तिनं मला तिथे चार दिवस बसवून ठेवलं असतं. पण ती जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती.

दादांना मी लग्नाआधी कळवलंच नव्हतं. आठवड्यानं फोनवर सांगितलं. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला. पुढे मुलीनं विचारलं, मोठे बाबा का आले नाहीत? मी सांगितलं, ते नाराज आहेत, थोडं थांब, मी समजावतो त्यांना. दादा नाराज आहेत की नाही हे मी त्यांना विचारलं नव्हतं. विचारावंसं वाटलं नाही. त्यांच्या गप्प राहण्याचा जो अर्थ मी लावला, तो मला सोयीचा होता. लोकांनी विचारलं तरी मी तेच सांगायचो, की माझं काही नाही, दादांना पटत नाही. असं वर्ष गेलं.

आमच्या घराण्यात एक रीत आहे. नवा जावई पहिल्यांदा आला की त्याला थोरल्या घरी नेतात. तिथे त्याला पाटावर बसवून, कुंकू लावून टोपी-दुपट्टा देतात आणि मग पंगत बसते. हे होईपर्यंत तो नुसता पाहुणा. माझ्या बहिणींचे नवरे, चुलतबहिणींचे नवरे, सगळे त्या एकाच पाटावर बसलेले. मुलीनं हे लहानपणापासून पाहिलेलं. म्हणून त्या डिसेंबरात दोघं अकोल्याला आले, तिथून माझ्याकडे दोन दिवस येतो म्हणाले, तेव्हा ती काय विचारणार हे मला ठाऊक होतं. ती विचारायच्या आत मीच म्हणालो, चला, तुम्हाला अचलपूर दाखवतो. विदर्भातलं एवढं जुनं शहर, एकेकाळची वऱ्हाडची राजधानी, पण कोणी बघत नाही. जावयाला आनंद झाला. मुलगी माझ्याकडे बघत राहिली. तिला वाटलं असावं की मी काहीतरी ठरवलं आहे.

मी ठरवलं होतं ते एवढंच, की दिवसभर इमारती दाखवायच्या, शेजारच्या परतवाड्याला हॉटेलात जेवायचं आणि दिवस मावळायच्या आत अमरावतीला परत यायचं. आदल्या दिवशी मी दुकानातून एक पांढरी टोपी आणि एक चांगला दुपट्टा घेतला आणि गाडीच्या डिकीत ठेवला. रीत आपणच उरकून टाकावी असं माझ्या मनात आलं होतं. आज हे लिहितानाही लाज वाटते, पण तेव्हा मला ती कल्पना फार चांगली वाटली होती.

सकाळी आसेगावचा पूर्णेचा पूल ओलांडला आणि दोन्ही बाजूंना संत्र्याच्या बागा सुरू झाल्या. तोडणी चालू होती. रस्त्याच्या कडेला क्रेट लावून ठेवलेले. जावई पुढे माझ्या शेजारी बसला होता आणि एकेक गोष्ट विचारत होता. मी उत्तरं देत होतो, पण त्याला हाक मारायची वेळ आली की अडखळत होतो. आमच्याकडे जावयाला जावईबापू म्हणतात. ते तोंडातून निघेना. नावानं बोलावणं बरं दिसत नव्हतं. म्हणून "अहो" आणि "तुम्ही" यांवर मी दिवस काढत होतो.

आधी हौज कटोऱ्याला गेलो. गावाबाहेर शेतांच्या मधे गोल हौद आणि हौदाच्या मधोमध आठ कोनांची, मजल्यावर मजला चढवलेली इमारत. हौदात पाणी नव्हतं, गवत वाढलं होतं. लहानपणी आम्ही मित्र सायकलींनी तिथे जायचो आणि आतल्या कमानींत ओरडून आवाज घुमवायचो. ते मी त्यांना सांगितलं. जावई म्हणाला, तुम्ही पण चला ना आत. मी गुडघ्याचं कारण सांगून काठावर बसलो.

ती दोघं कमानीत उभी राहून फोटो काढत होती. त्यांचं हसणं काठापर्यंत येत होतं, शब्द ऐकू येत नव्हते. मला बायकोची आठवण झाली. आम्ही दोघं इथे कधी आलो नव्हतो. लग्नानंतर ती म्हणायची, तुमच्या गावात बघण्यासारखं काय आहे ते मला कधी दाखवलंच नाही तुम्ही. मी म्हणायचो, गावात काय बघायचं, घर आहे ना. आणि आता घर सोडून बाकी सगळं दाखवत फिरत होतो. काठावर एक शेळ्यांचा कळप आला, माझ्याभोवती थोडं चरला आणि पुढे निघून गेला. तेवढ्या वेळात तरी उठून त्यांच्याकडे जावं, खरं काय ते सांगावं, असं वाटत होतं. उठलो नाही.

तिथून दुल्हा दरवाजा. दगडी, उंच, वापरातला. ऑटो, मोटरसायकली, गुरं, सगळं त्याच्या खालून जात होतं. दरवाज्याचं नाव ऐकून जावई हसला आणि मुलीला म्हणाला, "बघ, माझ्यासाठी गावानं दरवाजा बांधून ठेवलाय." ती म्हणाली, "दरवाजाच आहे. आत घेतात का बघू." ती हे हसतच म्हणाली, पण माझ्याकडे बघून म्हणाली.

तेवढ्यात मागून कोणीतरी माझ्या पाठीवर थाप मारली. शाळेतला मित्र. त्याचं तिथेच मोटरसायकलच्या सुट्या भागांचं दुकान आहे. त्यानं आधी मला फैलावर घेतलं. म्हणाला, केस पांढरे झाल्यावर गावाचा दरवाजा पाहाले आला का, इतके दिवस खालून जातानी डोळे मिटून जात होता का. मग त्याचं लक्ष दोघांकडे गेलं.

"जावई काय?" त्यानं विचारलं. मी मान हलवली. "मंग आज दादाच्या घरी पुरण असन. मले बोलावू नको, मी येतोच."

मी काहीतरी पुटपुटलो. आज घाई आहे, संध्याकाळी परतायचं आहे, असं काहीसं. त्यानं माझ्याकडे जरा चमत्कारिक नजरेनं पाहिलं. मग जावयाला बळेच दुकानात नेऊन चहा पाजला. त्याची चौकशी केली, अकोल्यात कुठल्या भागात घर, वडील काय करायचे. मी बाहेर उभा राहून तटाची भिंत बघत होतो. भिंतीत बघण्यासारखं विशेष काही नव्हतं.

जेवायला परतवाड्याला गेलो. हॉटेल बरं होतं. थाळ्या यायच्या होत्या. मला वाटलं, हीच वेळ आहे. मी गाडीतून पिशवी आणली, टोपी आणि दुपट्टा काढला आणि टेबलावरून जावयापुढे धरला. म्हणालो, आमच्याकडे पद्धत आहे, पहिल्यांदा आलात म्हणून. बिचारा गडबडला, पण दोन्ही हात पुढे करून उभा राहिला. शेजारच्या टेबलावरचे लोक बघू लागले. वेटर थाळ्या घेऊन बाजूला थांबला.

मुलीनं माझ्या हातावर हात ठेवला आणि तो हळूच खाली केला.

"बाबा, हे हॉटेलात देतात का?"

ती रागावलेली नव्हती. लहानपणी एखादी गोष्ट समजली नाही की ती जसं विचारायची, तसंच तिनं हे विचारलं. जावई म्हणाला, असू दे गं, कुठेही दिलं तरी काय. ती म्हणाली, तसं नाही. मग ती मला म्हणाली, मोठ्या बाबांचा राग अजून गेला नसेल तर तसं सांगा, मी समजून घेईन. पण त्यांच्या गावात येऊन, त्यांच्या घरावरून जाऊन, असं चोरासारखं नको.

मी पिशवी मांडीवर घेऊन बसलो. जेवण आलं. कोणी फार जेवलं नाही.

तेवढ्यात फोन वाजला. दादांचा. मी उठून हॉटेलच्या मागे, हात धुवायच्या जागेपाशी गेलो. मित्रानं त्यांना कळवलं होतं.

दादांनी विचारलं, कुठे आहेस. मी सांगितलं. ते म्हणाले, जावई गावात आला, हे गावातल्या लोकांकडून ऐकायची पाळी आली माझ्यावर, आणि तो हॉटेलात जेवून राहिला. मी म्हणालो, दादा, तुम्हाला पटलं नव्हतं ना, म्हणून. ते म्हणाले, कोण म्हणते पटलं नव्हतं. मग त्यांनी विचारलं, पोरीला काय सांगितलं आहे तू? मला तेही सांगावं लागलं, की तुम्ही नाराज आहात असं सांगितलं.

मागे वहिनींचा आवाज येत होता, काय झालं म्हणून विचारत होत्या.

"लाज तुले वाटून राहिली," दादा म्हणाले, "अन् खपवून राहिला माह्या नावावर." आवाज चढला नव्हता. "घेऊन ये त्याइले. लवकर आण. तुयी वहिनी चूल पेटवून राहिली."

मी टेबलापाशी येऊन सांगितलं, दादांनी बोलावलं आहे. मुलीच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला बघवलं नाही. मी बिल द्यायला गेलो.

घरी पोचलो तेव्हा वहिनी दारात उभ्या होत्या. त्यांनी दोघांवरून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं. दादा पुढे आले आणि पहिला शब्द म्हणाले, "या, जावईबापू." किती सहज म्हणाले. मुलगी त्यांच्या पाया पडली. उठताना रडत होती. तिनं विचारलं, "मोठे बाबा, राग गेला ना?"

दादांनी माझ्याकडे पाहिलं. मी तेव्हा बोलायला हवं होतं. अंगणात मी होतो, ते होते, ती होती, आणि सांगायला एक वाक्य पुरलं असतं.

"गेला व बाई," दादा म्हणाले. "या वयात राग किती दिवस धराचा मानसानं."

मग पाट मांडला गेला. वहिनींनी घरातला, कपाटातला दुपट्टा काढला. जावई पाटावर बसला, दादांनी त्याला कुंकू लावलं, टोपी घातली. ती डोक्याला मोठी झाली, कानांवर उतरली, सगळे हसले. वहिनींनी जावयाला विचारलं, आमचं पुरण चालते ना तुमाले. तो म्हणाला, माझी आई करते त्याहून बरं असेल तर तिला सांगणार नाही. वहिनींना तो तिथेच आवडला. दुकानातून मित्रही आला, सांगितल्याप्रमाणे न बोलावता. मी पंगतीत टोकाला बसलो. दादांनी मला वाढायला लावलं नाही, काही विचारलंही नाही. घरात आलेल्या पाहुण्याला म्हणतात तसं एकदा "घ्या" म्हणाले. लहान भावाला त्यांनी तोवर कधी "घ्या" म्हटलं नव्हतं.

दोघं त्या दिवशी तिथेच राहिली. मी अमरावतीला परत आलो आणि दुसऱ्या दिवशी जाऊन त्यांना बडनेऱ्याला घेऊन आलो. पुण्याची गाडी तिथून होती. गाडी उशिरा होती. जावई पाण्याच्या बाटल्या आणायला गेला. मुलगी माझ्या शेजारी बाकावर बसली, माझा हात धरला आणि म्हणाली, बाबा, तुम्ही त्यांना समजावलंत. मला वाटलं होतं तुम्ही नुसतंच म्हणताय. थँक यू.

ते थँक यू घेणं मला जमलं नाही. मी तिला सांगितलं, की दादा कधी रागावलेच नव्हते. मी त्यांना विचारलंही नव्हतं. काल अंगणात ते जे बोलले ते मला वाचवायला बोलले.

तिनं हात काढून घेतला नाही. हे मला अजून कळत नाही, का काढला नाही. समोरच्या रुळांकडे बघत ती एवढंच म्हणाली, "मग वर्षभर मी कोणावर रागावले होते, बाबा?"

जावई बाटल्या घेऊन आला. गाडी आली. त्यानं वाकून नमस्कार केला, मी त्याला पहिल्यांदा जावईबापू म्हटलं, पण गाडीच्या आवाजात त्याला ते ऐकू गेलं नसावं. तिनं खिडकीतून हात केला.

या गोष्टीला आता काही महिने झाले. ती मला फोन करते. तब्येत विचारते, गोळ्या घेतल्या का विचारते. तक्रार करत नाही, त्या दिवसाविषयी बोलत नाही. अचलपूरला मात्र ती दर रविवारी फोन करते आणि बराच वेळ बोलते. तिच्या घरातल्या बातम्या मला वहिनींकडून कळतात. परवा वहिनींनी फोन केला आणि बोलता बोलता म्हणाल्या, जावईबापूंची नाशिकला बदली झाली, पुढच्या महिन्यात दोघं सामान हलवणार आहेत. "नाशिकला?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"भाऊजी, तुमाले नाई सांगतलं का तिनं?"

मी म्हणालो, सांगितलं.