झोळीतलं लुगडं

खुब्याचं हाड मोडल्यापासून आई माझ्याकडे आहे. आंघोळ, गोळ्या, केसांना तेल, संडासला धरून नेणं, सगळं मीच करते. गल्लीतल्या बायका म्हणतात, लेक असावी तर अशी. मी तिला ‘तुमी’ म्हणते, त्याचंही त्यांना कौतुक. आमच्याकडे आईला कुणी अहोजाहो करत नाही, ते पाहुण्यांसाठी असतं. हे आईला कळतं. कळावं म्हणूनच मी ते चाळीस वर्षं चालवलं आहे.

मी दीड वर्षाची असताना तिनं मला थोरल्या चुलतीच्या ओटीत घातलं. चुलतीला मूल नव्हतं आणि आईला पहिली मुलगी नको होती. पाच सवाष्णींसमोर खण-नारळाबरोबर मलाही ओटीत ठेवलं. असं दिलेलं लेकरू परत मागायचं नाही, हा आमच्याकडचा रिवाज. चुलती राणीसावरगावला राहायची. तिची मेंढरं होती. मी तिला माय म्हणायचे. आई म्हणजे जिंतूरकडून वर्षातून एकदा येणारी, बांगड्या आणणारी बाई.

मी सात वर्षांची झाले आणि आईला मुलगा झाला. तिला रोजानं शेतात निंदायला जायचं होतं आणि झोळी हलवायला कुणीतरी हवं होतं. जिंतूरचा बाजार दाखवते, आठ दिवसांत आणून सोडते, असं मायला सांगून तिनं मला एसटीत बसवलं. थंडी होती म्हणून मायनं आपलं एक जुनं लुगडं माझ्या अंगाभोवती गुंडाळून दिलं. त्याला मेंढरांचा, धुराचा आणि तिचा वास होता. मी ते अंगावरून काढत नव्हते. जेवतही नव्हते. चौथ्या दिवशी पाणी घेऊन आले तर आई त्याच लुगड्याचं पोतेरं करून जमीन सारवत होती.

“लय वास मारायलं होतं,” एवढंच म्हणाली.

मी तो तुकडा धुऊन पाहिला. शेणाचा वास तेवढा उरला.

पंधरा दिवसांनी माय मला न्यायला आली. आईनं तिला ओसरीवर चहा दिला आणि मला धुणं घेऊन नदीवर पाठवलं. परत आले तेव्हा उपडी घातलेली कपबशी होती, माय नव्हती. रिवाज मोडला म्हणून गावात कुणी आईला जाब विचारला नाही. मग तो जाब मीच विचारायचं ठरवलं. तिनं माझं माणूस नेलं होतं. मी तिचं नेणार होते.

कसं न्यायचं, ते मला येत होतं. एखादी मेंढी विताना मेली की माय तिचं कोकरू दुसरीला लावायची. त्या दुसरीचं दूध काढून कोकराच्या पाठीला, शेपटीला चोळायची, मेंढीला आखूड दावं बांधायची आणि दोघांना तीन दिवस एकाच कोपऱ्यात ठेवायची. तिसऱ्या दिवशी मेंढी शेपटी हुंगायची आणि मुकाट्यानं उभी राहायची. माय म्हणायची, जनावर डोळ्यानं वळकत न्हाई, नाकानं वळकतं.

भाऊ तेव्हा तीन-चार महिन्यांचा. त्याच्या झोळीत आईनं आपलं लुगडं अंथरलं होतं. आई शेतात गेली की मी ते काढून घ्यायचे, माझा न धुतलेला परकर अंथरायचे आणि ती यायच्या आत पुन्हा लुगडं घालायचे. पुढे पुढे लुगडं घालायचंच सोडून दिलं. तो कुरकुरला की मी जिथं असेन तिथून धावायचे. आई घरात असली तरी तिच्याआधी. तिचा हात झोळीला लागू द्यायचा नाही, इतकं साधं काम. दूध तिचं होतं, त्याला इलाज नव्हता. पण पिऊन झालं की तो मान वळवून मला शोधायचा.

आई शेजारणींना अभिमानानं सांगायची की पोरगी भावाला लय जीव लावायलीय. मी भाकरी थापत ऐकायचे.

तो दोन वर्षांचा असताना दारात पडला. ओठ फुटला. आई उंबऱ्यावरच बसली होती, तिनं हात पसरले. तो रडत तिच्या हातांना वळसा घालून आत माझ्याकडे आला. शेजारीण हसली. म्हणाली, “बाई, तुझं पोरगं तुलाच पाव्हणी समजायलंय.” आई हसली नाही. माझ्या खांद्याला त्याचं रक्त लागलं होतं आणि मला इतकं बरं कधीच वाटलं नव्हतं.

पुढे मी पेडगावला अंगणवाडी सेविका झाले. प्रशिक्षणात मॅडम सांगायच्या, रडल्यावर जो धावतो त्यालाच मूल आपलं मानतं, जन्म दिला म्हणून ते आपोआप होत नाही. बाकीच्या जणी वहीत लिहून घेत होत्या. मी लिहिलं नाही.

भावाचं आता गंगाखेडला मोटर रिवायंडिंगचं दुकान आहे. दर रविवारी येतो. दारातूनच आईला “बरं हाय का?” विचारतो आणि सरळ माझ्या स्वयंपाकघरात पाटावर येऊन बसतो. दुकानाचं, पोरांचं, बायकोशी झालेल्या भांडणाचं, सगळं मला सांगतो. बाहेरच्या खोलीत बाजेवर आई ऐकत असते. दार मी उघडंच ठेवते.

मागच्या आठवड्यात मी तिच्या केसांना तेल लावत होते. ती म्हणाली, “त्याला सांग की. तुझं ऐकतो.”

“काय सांगू?”

“घडीभर माझ्यापाशी बस म्हणावं.”

मी म्हटलं, “सांगितलं तर बसंल तो. सांगून बसलेलं चालंल का तुमाला?”

मी गुंता सोडवत राहिले. मग ती म्हणाली, “झोळीतलं माझं लुगडं तू काढायचीस. मला ठाव होतं.”

मी विचारलं, “मग परत का नाही घातलं?”

“त्या दिवसापासून तू जेवायला लागलीस.”

मी वेणी घातली, हात धुतले, कुकर लावला. पण कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या आणि भात करपला. मला दया आली नाही, राग आला. इतकी वर्षं जे मी तिच्याकडून हिसकावलं असं समजत होते, ते तिनं पाहून, समजून, मला घेऊ दिलं होतं? की खाटल्यावर पडल्यावर, गरज लागल्यावर हे सुचलं? तिनं मायलाही आठ दिवस सांगितले होते. तिच्या शब्दावर मी का जावं? आणि खरं असलं तरी लुगड्याचं पोतेरं झालंच होतं. त्याचं तिनं नावही काढलं नाही. झोळीतल्या लुगड्याचं तेवढं बोलली.

रविवारी तो आला. मी दोन कप चहा केला आणि दोन्ही त्याच्या हातात दिले.

“आज तिथं बसून पी.”

“का गं अक्का?”

“पी म्हणलं ना.”

तो गेला. बाजेची कुरकुर ऐकू आली. आईनं काहीतरी विचारलं, तो हूं म्हणाला. पुन्हा काहीतरी विचारलं, तो पुन्हा हूं म्हणाला. मग बाज पुन्हा कुरकुरली आणि तो आपला रिकामा कप घेऊन पाटावर येऊन बसला. दारातून दिसत होतं, तिचा कप तिच्या हातात भरलेलाच होता आणि ती इकडेच बघत होती.

“अक्का, काय झालं माहितीय का परवा,” त्यानं सुरू केलं.

मी त्याला परत पाठवलं नाही. त्याच्यासमोर ताट मांडलं आणि म्हटलं, सांग.